आडत्या नसलेला लिलाव



लिलाव ही खान्देशाला नवी गोष्ट नाही. जळगाव, चोपडा, अमळनेर, धुळे, दोंडाईचा, शिरपूर, कोणत्याही बाजार समितीच्या आवारात सकाळी उभे राहिले की लिलाव कसा चालतो हे पोरसवदा मुलालाही कळते. समोर मालाचा ढीग, ढिगाशेजारी शेतकरी, पुकारा करणारा आडत्याचा माणूस आणि भोवती व्यापाऱ्यांचे कोंडाळे. मूठभर दाणे उचलायचे, एखादा दाताखाली धरून ओल पाहायची, बोली वाढवायची नाहीतर पुढच्या ढिगाकडे सरकायचे. गेल्या तीस वर्षांत हा लिलाव आधी संगणकावर गेला आणि मग मोबाईलवर आला. ढिगाच्या जागी फोटो आला, व्यापाऱ्याच्या जागी टोपणनाव आले, आडत्याच्या जागी संकेतस्थळ आले. खरा फरक पडला तो या शेवटच्या बदलाने. आडत्याने आडत घेतली की त्याच्या गळ्यात काही जबाबदाऱ्याही पडत. संकेतस्थळ आपली आडत चोख कापून घेते आणि वांधा निघाला की म्हणते, आम्ही फक्त जागा पुरवली. ऑनलाइन लिलावातल्या बहुतेक तक्रारी फिरून फिरून या एका उत्तरापाशी येतात.

हे नीट समजायचे तर थोडे मागे जावे लागते. बाजारांवर कायद्याची देखरेख येण्यापूर्वी भाव ठरे तो रुमालाखाली. दलाल आणि व्यापारी रुमालाआड एकमेकांची बोटे दाबत. माल ज्याचा तो शेतकरी हातभर अंतरावर उभा असे आणि त्यालाच काय ठरले ते कळत नसे. याला हत्ता पद्धत म्हणत. वऱ्हाडात 1897 मध्ये कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदा झाला. मुंबई इलाख्यात 1927 चा कापूस बाजार कायदा आला, आणि त्याखाली सुरुवातीला जे बाजार नियंत्रणात आले त्यांत धुळ्याचा कापूस बाजार होता. पुढे 1963 च्या महाराष्ट्राच्या कायद्याने आजच्या बाजार समित्यांची घडी बसवली. या कायद्यांनी नेमके काय केले? रुमाल काढून टाकला. बोली सर्वांच्या कानांवर पडेल अशी झाली पाहिजे, आडत्याला परवाना पाहिजे, तोल मान्य काट्यावर झाला पाहिजे, चुकारा त्याच दिवशी मिळाला पाहिजे, आणि तंटा झालाच तर तो वांधा समितीपुढे गेला पाहिजे.

म्हणून बाजार समित्या धुतल्या तांदळासारख्या झाल्या असे या सभागृहात तरी कोणी म्हणणार नाही. कटती अजून कापली जाते. लिलावात ठरलेला भाव गाडी खाली करताना ‘माल हलका निघाला’ म्हणून पाडला जातो. केळीचेच पाहावे. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण रावेर-यावल पट्ट्यात व्यवहार बहुतांशी बागेतच होतो, आणि जाहीर झालेला भाव व कापणीच्या वेळी हातात पडणारा भाव यांत तफावत राहते, ही उत्पादकांची जुनी तक्रार आहे. शेजारी बऱ्हाणपूरला केळीचा लिलाव होतो, म्हणून इकडचा शेतकरी तिकडच्या आकड्यावर डोळा ठेवून असतो. त्या आकड्याला वजन येते ते तो चारचौघांत पुकारला गेला म्हणून. बाजार समितीत फसवणूक होतेच, पण फसलेल्याला कोणाच्या दारात जाऊन बसायचे ते माहीत असते.

आता पडद्यावरचा लिलाव. 1995 मध्ये अमेरिकेत पियेर ओमिद्यार यांनी सुरू केलेले संकेतस्थळ पुढे ईबे म्हणून जगभर गेले. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर, किंमत 14 डॉलर 83 सेंट. भारतात 2000 साली मुंबईत बाझी डॉट कॉम निघाले. 2004 मध्ये ईबेने ते सुमारे पाच कोटी डॉलरला विकत घेतले. ईबेच्या भारतीय आवृत्तीत ‘पैसापे’ नावाची सोय होती: खरेदीदाराचे पैसे आधी मध्यस्थाकडे थांबत, माल पोचल्यावर विक्रेत्याकडे जात. 2017 मध्ये हा व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट 2018 मध्ये बंद पडला. पैसे अडवून ठेवणारा मध्यस्थ गेला. मागे उरल्या नुसत्या जाहिराती लावणाऱ्या जागा, समाजमाध्यमांवरचे खरेदी-विक्रीचे गट, आणि बँका व सरकारी खात्यांचे ई-लिलाव. जळगाव-धुळ्याच्या माणसाचा आज संबंध येतो तो यांच्याशीच.

आधी मालाचा विचार करू. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. तिथे गिऱ्हाईक काय करते? घोड्याचे तोंड उघडून दात पाहते आणि वयाचा अंदाज घेते. खूर उचलते, भोवरे तपासते, देवमण आहे का बघते, चार पावले चालवून आणि मग पळवून पाहते. बरोबर एखादा जाणता आणलेला असतो. एवढे करूनही माणूस फसतो. मग चार फोटो आणि ‘उत्तम स्थिती’ हे दोन शब्द पाहून जुना मोबाईल किंवा ट्रॅक्टरचे रोटाव्हेटर घेणाऱ्याचे काय होत असेल?

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावरून हे मांडले आणि त्यासाठी 2001 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. गाडीतली खोड विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा प्रत्येक गाडी थोडी खराबच असणार असे धरून भाव पाडतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक गाडी विकायलाच काढत नाही. बाजारात राहतो तो खराब माल, आणि घेणाऱ्याचा संशय खरा ठरतो. म्हणजे एका लबाड विक्रेत्याचे नुकसान एका गिऱ्हाइकापुरते थांबत नाही. ते शेजारच्या प्रामाणिक विक्रेत्याच्या खिशातूनही जाते. देखरेखीवरचा खर्च टाळणाऱ्या संकेतस्थळांच्या हे ध्यानात येत नाही, किंवा येऊनही सोयीचे नसते.

इथे एका फसवणुकीचा उल्लेख केलाच पाहिजे, कारण ती घरोघरी पोचली आहे. ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची जुनी नोट लाखो रुपयांना विकली जाईल, अशी जाहिरात कोणी पाहिली नाही? घरातली कपाटे उलथीपालथी होतात, नोट सापडते, फोटो पाठवला जातो. समोरून बोलीही येते, आणि ती भरघोस असते. मग ‘नोंदणी शुल्क’ मागितले जाते, मग ‘कर’, मग रिझर्व्ह बँकेचे नाव छापलेले एक पत्र येते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर सांगितले की अशा व्यवहारांशी आपला काही संबंध नाही आणि कोणालाही असे शुल्क गोळा करण्याचा अधिकार दिलेला नाही. इथली गंमत अशी की फसतो तो विकणारा. दुसरा प्रकार याचाच भाऊ. जुने कपाट विकायला काढले की खरेदीदार म्हणून फोन येतो, बोलणारा स्वतःला लष्करातला सांगतो, घासाघीस करीत नाही आणि ‘पैसे पाठवतो, एवढा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका’ म्हणतो. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देताना. घेताना कधीच लागत नाही.

मालानंतर बोली. ऑनलाइन लिलावात बहुधा आपण आपली कमाल मर्यादा आधीच टाकून ठेवतो आणि यंत्र आपल्या वतीने लागेल तेवढीच बोली वाढवते. समजा एका जुन्या कॅमेऱ्यासाठी एकाची मर्यादा 8,000 रुपये आहे आणि दुसऱ्याची 5,200. कॅमेरा पहिल्याला 5,300 च्या आसपास मिळतो. 8,000 द्यावे लागत नाहीत. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी 1961 मध्ये या धर्तीच्या लिलावाचे गणित मांडले होते: जिंकणारा दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीएवढे देतो, म्हणून मनातला खरा आकडा सांगायला त्याला भीती वाटत नाही. युक्ती सुंदर आहे. पण विक्रेत्यानेच दुसऱ्या नावाने खाते उघडले आणि हळूहळू 7,800 पर्यंत बोली नेली तर? खरेदीदार 7,900 ला कॅमेरा घेतो आणि लिलाव जिंकला म्हणून खूशही होतो. बाजार समितीत असा बनावट माणूस उभा केला तर शेजारचा व्यापारी त्याला तोंडावरून ओळखतो. पडद्यावर ओळखणार कोण? ज्याच्याकडे दोन्ही खात्यांचे फोन क्रमांक, पत्ते आणि वेळा आहेत तो एकच, संकेतस्थळ. आणि भाव चढला की त्याची टक्केवारीही चढते.

हे कृत्य बेकायदा आहे का? आहे, आणि तेही मोबाईल येण्याच्या कितीतरी आधीपासून. 1930 च्या मालविक्री कायद्याच्या कलम 64 मध्ये लिलावाचे नियम आहेत. बोलीचा हक्क राखून ठेवल्याचे आधी जाहीर केले नसेल तर विक्रेत्याला स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावता येत नाही. लावली तर खरेदीदार तो व्यवहार फसवणुकीचा मानू शकतो. भाव फुगवण्यासाठी खोटी बोली लावली तर सौदा रद्द करण्याचा पर्याय खरेदीदाराला आहे. कायद्याचे दात शाबूत आहेत. पण खोटी बोली झाली हे सिद्ध करायला लागणारा बोलींचा तपशील खरेदीदाराच्या हाती नसतो.

शेवटच्या क्षणी टपकणाऱ्या बोलीबद्दलही लोकांचा राग असतो. दिवसभर आपण पुढे, आणि घड्याळात पाच सेकंद उरली असताना कोणीतरी येऊन वस्तू घेऊन जातो. यात अप्रामाणिक काही नाही. दोष घड्याळाचा आहे. आडत्या ‘एक, दोन’ म्हणून थांबतो, कोणी बोलले की पुन्हा पुकारतो, आणि कोणीच बोलेनासे झाले की सौदा तोडतो. बँकांच्या ई-लिलावात ही सोय असते: शेवटच्या काही मिनिटांत बोली आली की मुदत आपोआप वाढते. ठरल्या क्षणी बंद होणाऱ्या संकेतस्थळांवर ती नसते.

तारांकनाचा उपायही इथेच पाहून घेऊ. अनोळखी माणसांनी एकमेकांवर विश्वास कसा ठेवायचा, याला ईबेने 1996 मध्ये उत्तर शोधले: व्यवहार झाल्यावर दोघांनी एकमेकांबद्दल शेरा लिहायचा. काही काळ ते चांगले चालले. मग लक्षात आले की खरेदीदाराने वाईट शेरा दिला की विक्रेता सूड म्हणून उलटा वाईट शेरा देतो. त्या भीतीने खरेदीदार गप्प बसतात आणि सगळेच विक्रेते उत्तम दिसतात. 2008 मध्ये ईबेने विक्रेत्यांना खरेदीदारांबद्दल वाईट शेरा देण्यास मनाई केली. मग विक्रेते ओरडू लागले की खोटी तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकाला आता धाकच उरला नाही. दोघांचेही खरे होते. भारतात भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक आणले. ते ऐच्छिक आहे.

आता देखरेख. याबाबत भारतातला सर्वांत गाजलेला प्रसंग बाझी डॉट कॉमवरचाच. नोव्हेंबर 2004 मध्ये तिथे एका विक्रेत्याने दोन शाळकरी मुलांची अश्लील चित्रफीत विक्रीला लावली. संशयास्पद शब्द पकडणारी यंत्रणा संकेतस्थळाकडे होती, तरी पुस्तकांच्या विभागातून माल आत गेला. तक्रार आल्यानंतरही शनिवार-रविवार उलटून ती जाहिरात खाली उतरली. डिसेंबरमध्ये कंपनीचे मुख्याधिकारी अवनीश बजाज यांना अटक झाली. खटला वर्षानुवर्षे चालला. कंपनीलाच आरोपी केलेले नसताना केवळ अधिकाऱ्यावर खटला चालू शकत नाही, असे 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आणि त्यांच्यावरची कारवाई रद्द झाली. त्याआधीच माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 79 सुधारले गेले होते. मध्यस्थाने योग्य काळजी घेतली असेल आणि कळवल्यावर मजकूर काढला असेल तर दुसऱ्याच्या कृत्याला तो जबाबदार नाही, असे या कलमाचे सार. एका टोकाला तुरुंग आणि दुसऱ्या टोकाला माफी. या दोहोंच्या मध्ये आडत्या उभा असे, आणि तीच जागा रिकामी राहिली.

देखरेखीचे रोजचे चित्र यापेक्षा रुक्ष आहे. चाळणारे यंत्र शब्दांवर चालते. त्याला ‘ओरिजिनल’ लिहिलेला नकली माल दिसत नाही, आणि प्रामाणिक विक्रेत्याच्या वर्णनातला एखादा शब्द खटकतो. चोर सोडून संन्याशाला फाशी होते ती अशी. खाते बंद झाल्याचा निरोप येतो, कारण येत नाही. इकडे फसलेल्याच्या तक्रारीला इंग्रजीतले ठरावीक उत्तर येते, आणि दोन दिवसांनी ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा दुसरा निरोप. कोणी निकाली काढली? काय पाहून? 2020 च्या ई-वाणिज्य नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचे असते. विक्रेता नेमून दिलेल्या गोष्टी करायला चुकला तर संकेतस्थळानेच भरपाई द्यावी, अशी सूचना जून 2021 च्या मसुद्यात होती. आडत्याची जबाबदारी संकेतस्थळावर आणणारी ती एकमेव ठोस सूचना होती, आणि ती मसुद्यातच राहिली. हे वाईट झाले.

जळगावात या विषयावर बोलताना भाईचंद हिराचंद रायसोनी, म्हणजेच बीएचआर पतसंस्थेचे नाव टाळता येत नाही. 2015 मध्ये संस्था अवसायनात निघाली. ठेवीदारांचे पैसे परत करायचे तर मालमत्ता विकणे भाग होते, आणि ही विक्री ऑनलाइन निविदांनी झाली. नोव्हेंबर 2020 मध्ये पुणे पोलिसांनी जळगावात छापे घातले. निविदा प्रक्रियेतच हातचलाखी झाली, मोक्याच्या मालमत्ता कवडीमोल भावाने गेल्या आणि अडचणीतल्या ठेवीदारांच्या पावत्या पडत्या रकमेत उचलून त्या मालमत्तेच्या किमतीत वळत्या केल्या, असे आरोप झाले. कोण दोषी ते न्यायालय ठरवील. पण लिलावाच्या दृष्टीने एक गोष्ट कोणत्याही निकालावाचून दिसते. मालमत्ता विकली जात होती ती ठेवीदारांसाठी. खरे विकणारे ते होते, आणि नेमके तेच बोलीच्या ठिकाणी हजर नव्हते. किती बोली आल्या, कोणाच्या आल्या, कधी उघडल्या, यांतले काही त्यांच्यासमोर झाले नाही. रुमालाखालचा सौदा याहून वेगळा काय होता?

बँकांच्या मालमत्ता-लिलावात नियम पक्के आहेत. कर्जवसुलीसाठीच्या सरफेसी कायद्याखालच्या 2002 च्या नियमांनुसार बोली जिंकली की अनामत धरून 25 टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरावी लागते आणि उरलेली साधारणपणे 15 दिवसांत. चुकले तर भरलेले जप्त. पण विक्री ‘जसे आहे, जिथे आहे’ या अटीवर असते: जुनी घरपट्टी, भाडेकरू, भाऊबंदकीचा दावा हे सारे घेणाऱ्याच्या डोक्यावर. बँकेकडे केवळ सांकेतिक ताबा असेल तर घराची किल्ली मिळायला किती दिवस लागतील ते सांगणे कठीण. ग्राहक म्हणून दाद मागण्याची वाटही अरुंद आहे; जाहीर लिलावात भूखंड घेणारा ग्राहक ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये चंदीगढच्या प्रकरणात म्हटले आहे. म्हणून बोली लावण्याआधी त्या जागेवर जाऊन यावे, सातबारा किंवा मिळकतपत्रिका काढावी, शेजाऱ्याशी बोलावे.

आणि शेवटी, व्यवहार फसलाच तर. पैसे खात्यातून गेले असतील तर सायबर हेल्पलाइनच्या 1930 या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा; पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी ते गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. माल खराब निघाला, वेगळाच निघाला किंवा आलाच नाही तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जाहिरातीचा फोटो, बोलींचा इतिहास, विक्रेत्याशी झालेले बोलणे, पैसे दिल्याची नोंद आणि पार्सल उघडतानाचे चित्रीकरण जपून ठेवावे, कारण जाहिरात दुसऱ्या दिवशी जागेवर असेलच असे नाही. विक्रेत्याचा पत्ता संकेतस्थळाकडे लेखी मागावा. खरेदीनंतर तो देणे संकेतस्थळावर बंधनकारक आहे. मात्र घरातली जुनी वस्तू एखाददुसऱ्या वेळी विकणाऱ्या खाजगी माणसाला हे ई-वाणिज्य नियम लागू नाहीत. तिथे 1930 चा मालविक्री कायदा आणि पोलीस एवढेच हाती उरतात. धंदा म्हणून विकणाऱ्याविरुद्ध 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचे कार्यालय बंगळुरूला असो की गुरुग्रामला. जिल्हा ग्राहक आयोग जळगावला आहे, धुळ्यालाही आहे. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही.